पूर हवा, पण नेमका कुठवर?

पूर आला की तो लवकर ओसरावा म्हणून देव पाण्यात ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील मरे नदीच्या काठी मात्र गेल्या पाव शतकापासून शास्त्रज्ञ, अभियंते आणि सरकारी अधिकारी नेमक्या उलट विवंचनेत आहेत. नदीला पुरेसे पूर येत नाहीत, ही तेथील अडचण आहे. पूर येत नाहीत म्हणून शेकडो वर्षांची झाडे उभ्या जागी वाळली, पाणपक्ष्यांच्या वसाहती ओस पडल्या आणि जमिनीखालचे खारे पाणी मुळांपर्यंत चढले. यावर उपाय म्हणून शेतकऱ्यांकडून पाण्याचे हक्क विकत घेऊन ते पाणी धरणातून ठरावीक वेळी सोडण्याचे, म्हणजेच मुद्दाम छोटे पूर घडवून आणण्याचे धोरण तेथे राबविले जाते.

हे ऐकायला सोपे वाटते. धरणाचे दरवाजे उघडले की पूर येणारच, असे कोणीही म्हणेल. परंतु किती पाणी सोडले असता ते नदीचे काठ ओलांडून कुठवर जाईल, कोणती पाणथळ भरेल, कोणते जंगल भिजेल, कोणाच्या कुरणात शिरेल आणि तेथे किती दिवस थांबेल, याचे उत्तर आधी हाती नसेल तर सोडलेले पाणी एक तर वाया जाते किंवा कोर्टकज्ज्यांना निमंत्रण देते. पाणी दुर्मीळ आणि महाग असलेल्या देशात हा जुगार परवडणारा नाही. म्हणूनच पूरमैदानावर पाणी कसे पसरते याची गणिती प्रारूपे तयार करण्याचे शास्त्र मरेच्या खोऱ्यात विशेष फोफावले.

मरे-डार्लिंग खोऱ्याचे क्षेत्रफळ दहा लाख चौरस किलोमीटरहून अधिक, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे साडेतीनपट आहे. ऑस्ट्रेलियाच्या एकूण भूभागाचा हा साधारण सातवा हिस्सा. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया ही चार राज्ये आणि राजधानी कॅनबेराचा प्रदेश या खोऱ्यात येतो. क्षेत्र एवढे प्रचंड असूनही पाणी मात्र बेताचेच आहे. आणि आहे तेही लहरी. काही वर्षे दुष्काळाची, मग अचानक एखादे वर्ष महापुराचे, अशी येथील निसर्गाची चाल. १९५६ साली साउथ ऑस्ट्रेलियाच्या सीमेवर मरेचा प्रवाह दिवसाला सुमारे ३ लाख ४१ हजार मेगालिटरपर्यंत, आपल्या भाषेत जवळपास १ लाख ४० हजार क्युसेकपर्यंत गेला होता. याच नदीचे मुख वाळूने बुजू नये म्हणून २००२ ते २०१० या काळात तेथे गाळ उपसणारी यंत्रे चालवावी लागली, कारण वाळू वाहून नेण्याइतके पाणीच समुद्रापर्यंत पोचत नव्हते.

अशा नदीवर भरवसा ठेवून शेती करायची तर तिला वेसण घालणे क्रमप्राप्त होते. मरेचे पाणी वाटून घेण्याचा करार १९१४ मध्ये झाला. वाफेच्या बोटींना बारमाही पाणी मिळावे म्हणून नदीवर लॉकसहित बंधारे बांधायला घेतले गेले. त्यातला पहिला ब्लांचटाउन येथे १९२२ मध्ये पूर्ण झाला. गंमत अशी की, तेरा बंधाऱ्यांची ही साखळी पुरी होईपर्यंत रेल्वेने बोटींचा व्यापार संपवत आणला होता. बंधारे मात्र राहिले. १९३६ मध्ये ह्यूम धरण पूर्ण झाले. पुढे उंची वाढविल्यानंतर त्याची साठवण क्षमता सुमारे १०६ टीएमसी, म्हणजे आपल्या कोयनेइतकीच आहे. १९४० मध्ये मुखाशी दरवाजे बांधून समुद्राचे खारे पाणी अडविण्यात आले आणि १९७९ मध्ये डार्टमाउथ धरणाची भर पडली.

या साऱ्याचा परिणाम नदीच्या स्वभावावर झाला. पूर्वी हिवाळ्याच्या उत्तरार्धात आणि वसंतात, पाऊस आणि पर्वतावरचे वितळते बर्फ यांमुळे नदी फुगे आणि उन्हाळ्यात रोडावे. आता वसंतातले पाणी धरणात अडते आणि सिंचनासाठी ते उन्हाळ्यात सोडले जाते. त्यामुळे धरणाखालच्या टापूत ऋतुचक्रच उलटे झाले. मोठे महापूर धरणांना जुमानत नाहीत, ते आजही येतात. नाहीसे झाले ते दर एक-दोन वर्षांनी येणारे लहान आणि मध्यम पूर. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेने २००८ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, पाण्याच्या वापरामुळे मरेच्या मुखातून समुद्राला मिळणारा सरासरी प्रवाह ६१ टक्क्यांनी घटला होता. नैसर्गिक स्थितीत शंभरातला एखादा दिवस मुखातून पाणी वाहत नसे; तो काळ आता ४० टक्क्यांवर गेला होता.

पूरमैदानाला पूर का लागतो?

नदी म्हणजे दोन काठांमधले पाणी, ही समजूत अभियंत्यांना सोयीची असली तरी निसर्गाला मान्य नाही. सपाट प्रदेशातील नदी काठांपलीकडे पसरून वर्षातले काही आठवडे जेथे मुक्काम करते ती सारी जमीन नदीचाच भाग असते. १९८९ मध्ये जंक, बेली आणि स्पार्क्स या तीन शास्त्रज्ञांनी 'पूर-स्पंद' ही संकल्पना मांडली. नदीतील जीवसृष्टीची उत्पादकता मुख्यतः पूरमैदानावर पाणी चढण्या-उतरण्याच्या तालावर अवलंबून असते, असे तिचे सार आहे. पाणी चढते तेव्हा वाळलेला पाला, गवत, शेण यांतील पोषक द्रव्ये पाण्यात उतरतात, सूक्ष्मजीव वाढतात, त्यांवर माशांची पिले आणि बेडूकमासे पोसतात. पाणी उतरते तेव्हा ही सारी समृद्धी नदीत परत येते.

मरेच्या काठी या तालाचा मुख्य साक्षीदार म्हणजे रिव्हर रेड गम हा निलगिरीच्या कुळातला विशाल वृक्ष. त्याच्या ढोलीत पोपट घरटी करतात आणि पाण्यात पडलेल्या त्याच्या ओंडक्यांखाली मरे कॉड हा मोठा मासा अंडी घालतो. घनदाट रेड गम जंगलाला साधारण दर एक ते तीन वर्षांनी पूर लागतो. नदीपासून थोड्या उंच जमिनीवर वाढणारा ब्लॅक बॉक्स हा त्याचा चिवट भाऊबंद तीन ते सात वर्षे वाट पाहू शकतो. यातले गमक असे की, झाडाला पूर 'किती मोठा' आला यापेक्षा तो किती वर्षांनी आला, कोणत्या ऋतूत आला आणि किती दिवस थांबला, हे अधिक महत्त्वाचे असते. शराटी आणि चमचा जातीचे पक्षी भिजलेल्या झुडपांवर हजारोंच्या संख्येने घरटी करतात. पण पिले उडती होण्याआधीच पाणी झपाट्याने उतरले तर आई-बाप घरटी सोडून निघून जातात.

मरेच्या खालच्या टप्प्यात आणखी एक संकट आहे. तेथील भूजल मुळातच अतिशय खारे. अधूनमधून येणारा पूर मातीतले मीठ धुऊन खाली ढकलत असे आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक थर राखत असे. झाडे त्या थरावर जगत. बंधाऱ्यांमुळे नदीची पातळी कायम वर राहिली, सिंचनाचे पाणी झिरपत राहिले, भूजल वर चढले आणि ते धुऊन काढणारा पूर मात्र येईनासा झाला. १९९७ च्या सुमारास सुरू झालेला आणि २०१० पर्यंत रेंगाळलेला 'मिलेनियम दुष्काळ' हा यावरचा घाव होता. साउथ ऑस्ट्रेलिया व न्यू साउथ वेल्स यांच्या सीमेवरील चोविला या १७ हजार ७०० हेक्टरच्या पूरमैदानावर २००४ पासून चक्क पंप लावून ओढ्यांमध्ये पाणी भरावे लागले. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाला नळीने अन्न द्यावे तसाच हा प्रकार होता.

उपग्रहाच्या डोळ्याने

पाणी कुठवर पसरेल हे सांगण्याचा एक राजमार्ग आहे. जमिनीच्या उंचसखलपणाचा बारीक नकाशा घ्यायचा, त्याची चौकोनी जाळी पाडायची आणि प्रत्येक चौकोनातून शेजारच्या चौकोनात किती पाणी जाईल, याचे गणित संगणकाकडून क्षणाक्षणाला करून घ्यायचे. पाण्याचे वस्तुमान टिकले पाहिजे आणि त्याचा वेग उतार व घर्षण यांच्याशी जुळला पाहिजे, हे त्यामागचे दोन नियम. गवत, झुडपे, नांगरलेली जमीन यांचा खरखरीतपणा वेगवेगळा; तो 'मॅनिंग गुणांक' या आकड्याने दाखवितात. पॉल बेट्स आणि द रू यांनी २००० मध्ये मांडलेले, 'लिसफ्लड-एफपी' या नावाने पुढे प्रसिद्ध झालेले प्रारूप याच घराण्यातले. युरोपातील मोझ नदीच्या १९९५ च्या पुरावर ते तपासले गेले होते.

मरेवर हा राजमार्ग तेव्हा परवडणारा नव्हता. कारण नदी अतिशय सपाट प्रदेशातून वाहते. मुखापासून सुमारे ६२० किलोमीटर आत असलेल्या सहाव्या बंधाऱ्यावरही पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून जेमतेम १९ मीटर आहे, म्हणजे किलोमीटरमागे सरासरी उतार तीन सेंटिमीटरच्या आसपास! अशा ठिकाणी जमिनीच्या उंचीत हातभर चूक झाली, तर पाणी नकाशावर कित्येक किलोमीटर भलतीकडे जाते. विमानातून लेसर किरण सोडून उंची मोजण्याचे लायडार तंत्र हाताशी होते. पण एवढ्या लांबीच्या नदीसाठी त्याचा खर्च डोळे पांढरे करणारा होता.

इयान ओव्हरटन या संशोधकाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात वेगळी वाट चोखाळली. पाणी कुठे जाईल हे समीकरणांना विचारण्याऐवजी, ते आजवर कुठे गेले होते हे उपग्रहाला विचारायचे. लँडसॅट उपग्रहांवरील 'थीमॅटिक मॅपर' हा संवेदक १९८० च्या दशकापासून दर सोळा दिवसांनी त्याच जागेचे चित्र घेत आला होता. त्याचा एक ठिपका जमिनीवर ३० मीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे जवळपास नऊ गुंठ्यांचा. पाणी अवरक्त किरण जवळजवळ पूर्णपणे शोषून घेते, त्यामुळे त्या किरणांत घेतलेल्या चित्रात ते काळेकुट्ट दिसते आणि कोरडी जमीन उजळ. जुन्या चित्रांच्या या भांडारातून निरनिराळ्या प्रवाहांच्या वेळची चित्रे निवडायची. त्या दिवशी नदीच्या त्या टप्प्यात किती पाणी वाहत होते ते नोंदींवरून काढायचे. आणि दोहोंची सांगड घालायची.

यात एक मेख आहे. ह्यूम धरणातून निघालेले पाणी साउथ ऑस्ट्रेलियात पोचायला काही आठवडे लागतात. म्हणजे एकाच दिवशी घेतलेल्या चित्रात नदीच्या वरच्या आणि खालच्या टप्प्यांत पुराची अवस्था वेगळी असते. म्हणून जलविज्ञानाच्या प्रारूपाच्या साहाय्याने प्रत्येक टप्प्यातला त्या दिवशीचा प्रवाह स्वतंत्रपणे ठरवावा लागतो. त्यानंतरचे काम म्हणजे दोन चित्रांमधली रिकामी जागा भरणे. एका प्रवाहाला पाणी येथवर आले होते, त्याहून मोठ्या प्रवाहाला तेथवर. मग मधल्या प्रवाहाला ते कुठे असेल? पाणी ज्या क्रमाने पसरत जाते त्याचा माग काढून हे अंतर भौगोलिक माहिती प्रणालीत भरले जाते. शेवटी हाती येतो तो असा नकाशा, ज्यातील प्रत्येक ठिपक्यावर एकेक आकडा लिहिलेला असतो: नदीत इतका प्रवाह झाला की ही जागा भिजू लागते.

न्यू साउथ वेल्सच्या सीमेपासून अलेक्झांड्रिना सरोवरापर्यंतच्या सुमारे ६०० किलोमीटर लांबीच्या आणि एक ते पाच किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यासाठी हे काम झाले. कोणत्याही महिन्यासाठी, बंधाऱ्यांची पातळी वर किंवा खाली धरून, अगदी कमी प्रवाहापासून सरासरी तेरा वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरापर्यंत पाण्याचा पसारा त्यातून काढता येतो. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहता हे प्रारूप पाण्याचा पसारा सुमारे १५ टक्क्यांनी कमी दाखविते, असे आढळले. खर्च मात्र लायडार आणि समीकरणांच्या वाटेच्या जेमतेम एक दशांश. पुढे सीएसआयआरओने हीच पद्धत ह्यूम धरणापर्यंतच्या मरेच्या संपूर्ण पूरमैदानाला लावली.

पंधरा टक्क्यांची ही चूक क्षुल्लक म्हणून सोडून देण्यासारखी नाही. दाट रेड गमच्या छत्राखालचे पाणी उपग्रहाला नीट दिसत नाही, ही अशा पद्धतीची अंगभूत मर्यादा आहे. आणि ज्यासाठी हा खटाटोप चालला आहे ते जंगल नेमके तेथेच असते. शिवाय चित्र पूर चढतानाचे आहे की उतरतानाचे, यानेही फरक पडतो. उतरत्या पुरात डबकी आणि जुने कालवे भरलेले राहतात, तेवढ्याच प्रवाहाच्या चढत्या पुरात ते कोरडे असू शकतात. पाण्याची खोली तर उपग्रह सांगतच नाही. आणि जो पूर उपग्रहाच्या काळात आलाच नाही, त्याविषयी या प्रारूपाकडे सांगण्यासारखे काहीही नसते. १९५६ चा महापूर त्याच्या कक्षेबाहेरचा आहे. समीकरणांवर आधारलेले प्रारूप न पाहिलेल्या पुराविषयीही निदान अंदाज बांधू शकते. आज दोन्ही वाटा एकत्र आल्या आहेत. लायडार बराच स्वस्त झाला आहे. अमेरिकेने २००८ मध्ये लँडसॅटचे भांडार मोफत खुले केले आणि जिओसायन्स ऑस्ट्रेलिया या सरकारी संस्थेने १९८७ पासूनची चित्रे चाळून देशातल्या प्रत्येक ठिपक्यावर किती वेळा पाणी दिसले, याचा नकाशा २०१४ मध्ये सर्वांसाठी उपलब्ध केला.

आपल्याकडे पूररेषा हा शब्द आता शहरी वाचकाच्याही ओळखीचा आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. सांगली-कोल्हापूरने २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये या रेषांचा अर्थ घरात शिरलेल्या पाण्यातून अनुभवला. परंतु या रेषांमागचा प्रश्न एकच असतो: पाणी जास्तीत जास्त कुठवर येईल? जीविताच्या रक्षणासाठी तो पुरेसा आहे. परिसंस्थेसाठी मात्र शिखरापेक्षा वारंवारितेचा हिशेब लागतो. मरेवर म्हणूनच ठिपक्यांचा तो नकाशा दैनंदिन प्रवाहाच्या शंभराहून अधिक वर्षांच्या आकड्यांशी जोडला जातो. खोऱ्याच्या नियोजनात १८९५ ते २००९ या ११४ वर्षांचे हवामान धरून दोन चित्रे काढली गेली. एक धरणे नसती तर काय झाले असते याचे आणि दुसरे धरणांसह. अमुक झाडी पूर्वी दर दोन वर्षांनी भिजत होती, आता तीच सात वर्षांनी भिजते, असे विधान अशा तुलनेतूनच करता येते. पाणी किती कमी पडते आहे याचा हिशेब येथूनच सुरू होतो.

नकाशा टेबलावर आला, आणि भांडणेही

२००३ च्या अखेरीस संबंधित सरकारांनी 'द लिव्हिंग मरे' हा कार्यक्रम हाती घेतला. पाच वर्षांत ५०० गिगालिटर, म्हणजे सुमारे साडेसतरा टीएमसी पाणी नदीसाठी मिळवायचे आणि ते सहा निवडक स्थळांना द्यायचे, असे ठरले. सहाच का, याचे उत्तर उघड आहे. साऱ्या पूरमैदानाला पुरेल एवढे पाणी कोणाकडेच नव्हते. प्रारूपाचा पहिला उपयोग असा काहीसा निर्दय होता. कोणते जंगल वाचविता येईल हे त्याने दाखविले, आणि कोणते सोडून द्यावे लागेल हेही.

चोविला येथे त्यातून एक युक्ती पुढे आली. पूर येत नसेल तर थोड्या पाण्यातच पुराचा आभास निर्माण करायचा. ओढ्यावर दरवाजांचा मोठा बंधारा बांधून तो काही आठवडे बंद ठेवला की मागे पाणी तुंबते आणि पूरमैदानावर पसरते. हा बंधारा २०१४ मध्ये पूर्ण झाला. नदीत फारसा प्रवाह नसतानाही त्याने चोविलाचे निम्म्यापर्यंत पूरमैदान भिजविता येते. टीकाकारांचा आक्षेप असा की, तुंबलेले पाणी म्हणजे वाहता पूर नव्हे. झाडांची तहान त्याने भागते. पण माशांना वाहत्या पाण्याचा जो संकेत लागतो तो मिळत नाही, मीठ धुऊन दूर जात नाही आणि परदेशातून आलेल्या कार्प माशाचे मात्र फावते. धरणे-बंधाऱ्यांनी बिघडविलेली नदी आणखी एका बंधाऱ्याने दुरुस्त करण्यात काहीशी विसंगती आहे, हे मान्य करावेच लागते. तरीही दुष्काळाच्या वर्षी दुसरा पर्याय कोणता, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर टीकाकारांकडेही नाही.

वरच्या अंगाला बार्मा-मिलेवा हे सुमारे ६६ हजार हेक्टरचे, जगातील सर्वांत मोठे रेड गम जंगल आहे. येथे हजारो वर्षांपूर्वी भूकवचातील भ्रंशामुळे जमीन उचलली गेली, नदीला वाट बदलावी लागली आणि पात्र इतके अरुंद झाले की त्यातून दिवसाला सुमारे सात हजार मेगालिटरच पाणी काठ न ओलांडता जाऊ शकते. हे प्रमाण तीन हजार क्युसेकही भरत नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून मुठेत याहून कितीतरी अधिक विसर्ग होतो. प्रवाह याहून वाढला की पाणी जंगलात शिरते. वसंतात ते हवेच असते. पण उन्हाळ्यात, शेतकऱ्यांनी मागविलेले पाणी वाटेत असताना अचानक पाऊस पडला आणि त्यांनी ते नाकारले, तर तेच पाणी अवेळी जंगलात घुसते. मोइरा गवताच्या कुरणांना वसंतातला खोल पूर आणि उन्हाळ्यातला कोरडेपणा लागतो. त्यांचे अशाने हाल होतात. पूर हवा म्हणजे कधीही हवा असे नाही.

अवेळी आलेल्या पुराचे आणखी भीषण रूप २०१०-११ मध्ये दिसले. दुष्काळाच्या दशकभरात जंगलांत पाल्यापाचोळ्याचे थर साचले होते. उबदार दिवसांत त्यावर पाणी चढले, पाल्याचा अर्क उतरून ते चहासारखे काळे झाले आणि तो अर्क पचविणाऱ्या जिवाणूंनी पाण्यातला प्राणवायू संपविला. मासे मेले, मरेतील काटेरी कोळंबडे श्वासासाठी काठावर चढून आले. २०२२-२३ च्या मोठ्या पुरानंतर, मार्च २०२३ मध्ये डार्लिंग नदीवर मेनिंडी येथे लाखो मासे मरून पडले, त्यामागेही पूर ओसरताना घटलेला प्राणवायू हेच कारण होते. किती जमीन भिजेल एवढेच सांगणारे प्रारूप अशा वेळी अपुरे पडते. त्या जमिनीवर किती पाला साचला आहे आणि पाणी किती गरम आहे, याचा हिशेबही आता त्याला जोडला जातो.

सर्वांत अवघड भाग राजकारणाचा. २००७ मध्ये केंद्राने जलकायदा केला. ऑक्टोबर २०१० मध्ये खोरे योजनेचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला तेव्हा न्यू साउथ वेल्समधील ग्रिफिथ येथे संतप्त शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या. आपले पाणी झाडांना आणि पक्ष्यांना देण्यासाठी आपली गावे ओस पाडली जात आहेत, ही त्यांची भावना होती आणि ती केवळ अतिरंजित म्हणून झटकून टाकता येण्यासारखी नव्हती. पाणी विकून शेतकरी गेला की त्याच्यामागे दुकान, शाळा आणि दवाखानाही जातो, हे सिंचनावर पोसलेल्या छोट्या शहरांनी पाहिले होते. अखेर नोव्हेंबर २०१२ मध्ये जी योजना मंजूर झाली तिच्यात वर्षाला २,७५० गिगालिटर, म्हणजे सुमारे ९७ टीएमसी पाणी वापरातून काढून नदीला देण्याचे उद्दिष्ट होते.

पाणी मिळाले तरी ते पोचवायचे कसे, हा प्रश्न उरलाच. ह्यूम ते यारावोंगा या टप्प्यात दिवसाला २५ हजार मेगालिटरपर्यंतच प्रवाह सोडता येतो, कारण तेवढ्याच पाण्याखाली येणाऱ्या खासगी जमिनींवर सरकारने मोबदला देऊन हक्क मिळविलेले आहेत. त्याहून अधिक पाणी सोडले की कोणाचे कुरण, कोणाचा पंप, कोणाचा पूल पाण्याखाली जातो. पण खालच्या अंगाच्या उंच जमिनीवरील ब्लॅक बॉक्सपर्यंत पाणी न्यायचे तर एवढ्याने भागत नाही. म्हणून ही मर्यादा ४० हजारांपर्यंत नेता येईल काय, याचा अभ्यास झाला. येथे प्रारूपाला एक नवीनच भूमिका वठवावी लागते. परिसंस्थेसाठी काढलेला नकाशा आता भरपाईचा दस्तऐवज बनतो. शास्त्रज्ञाला सबंध जंगलाच्या बाबतीत पंधरा टक्क्यांची चूक चालते, शेतकऱ्याला स्वतःच्या बांधावर ती चालत नाही. नकाशात कोरडी दाखविलेली जमीन आजोबांच्या काळापासून भिजत आली आहे, असे सांगणारा माणूस सभेत उभा राहिला की संगणकापेक्षा त्याच्यावर गावाचा विश्वास अधिक बसतो. आणि बऱ्याचदा तो खराही असतो. म्हणून अशी प्रारूपे करताना जुन्या पुरांच्या खुणा आणि जमीनमालकांच्या आठवणी यांच्याशी ती ताडून पाहण्याला महत्त्व आले आहे.

या सभांमध्ये आणखी एक आवाज आहे. योर्टा योर्टा आणि मरेकाठचे इतर आदिवासी समाज हजारो वर्षे या पुरांवर जगत आले. झाडाची साल काढून होड्या करणे, पाणथळीतले मासे आणि कंद वेचणे हे सारे पुराच्या वेळापत्रकाशी बांधलेले होते. मरेकाठच्या या समाजांनी २००७ च्या एचुका जाहीरनाम्यात 'सांस्कृतिक प्रवाहा'ची मागणी केली. पर्यावरणासाठी राखलेल्या पाण्याव्यतिरिक्त आपल्या मालकीचे, आपण ठरवू तेथे नेता येईल असे पाणी त्यांना हवे आहे. कोणती पाणथळ आधी भरावी, याची त्यांची यादी शास्त्रज्ञांच्या यादीशी दर वेळी जुळतेच असे नाही.

२०२३ च्या अखेरीस संसदेने खोऱ्याविषयीचा नवा कायदा करून रखडलेल्या उद्दिष्टांना मुदतवाढ दिली आणि पाण्याचे हक्क विकत घेण्याची वाट पुन्हा मोकळी केली. संपूर्ण योजनेच्या फेरआढाव्यासाठी २०२६ हे वर्ष कायद्याने नेमून दिले आहे. १८९५ पासूनच्या ज्या हवामानावर आजवरचे सारे हिशेब बेतले गेले, ते हवामान पुढच्या पन्नास वर्षांसाठी धरता येईल काय, हा त्यातला कळीचा प्रश्न आहे. खोऱ्याच्या दक्षिण भागात हिवाळी पाऊस घटत असल्याचे दिसते. तसे झाले तर २,७५० गिगालिटर घेऊनही आज हिरव्या दिसणाऱ्या काही ठिपक्यांपर्यंत पाणी पोचणार नाही, आणि सहा स्थळांची यादी करताना २००३ मध्ये जो प्रश्न टेबलावर आला होता, तोच पुन्हा त्याच नकाशावर मांडावा लागेल.